पीस नदीकाठची शेतघरे आणि दादरचा एक अभ्यासवर्ग

दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर यंदाच्या पावसाळ्यात आठ शनिवार एक अभ्यासवर्ग चालला, त्याचे हे परीक्षण आहे. कॅनडाच्या वायव्येकडील पीस नदी आणि साधारण १८८० पासून १९३० पर्यंत तिच्या काठी जमिनी घेऊन राहिलेली शेतकरी कुटुंबे हा वर्गाचा विषय होता. मुंबईतल्या मराठी माणसाचा या नदीशी सहसा काही संबंध येत नाही. माझाही आला नव्हता. तरीही ४,८०० रुपये शुल्क, आठ संध्याकाळी आणि दर खेपेला बोरिवलीहून जाण्यायेण्याचे दोन-अडीच तास मी त्यासाठी दिले, आणि ते सत्कारणी लागले असे माझे मत आहे. वर्गात उणिवा आहेत, त्यांतली एक गंभीर आहे, आणि तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

माझी पार्श्वभूमी आधी सांगायला हवी, कारण तिचा या मतावर परिणाम झालेला आहे. मी एकतीस वर्षे भूकरमापक म्हणून नोकरी केली. ठाणे आणि पालघर भागांतल्या शेतांच्या हद्दी मोजणे, बांधावर उभ्या असलेल्या दोन भावांचे म्हणणे ऐकून घेणे आणि नकाशावरची रेघ जमिनीवर दाखवून देणे, यांत माझे आयुष्य गेले. आमची मूळ वाडी केळव्याची. नारळ, केळी आणि पानवेलीची ती तीस गुंठे जागा आमच्या पणजोबांनी कशी राखली, याच्या गोष्टी ऐकत मी वाढलो; पण त्या गोष्टींतले किती कागदावर उतरले आहे, हे मी निवृत्तीपर्यंत कधी पडताळून पाहिले नव्हते. एका ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर या वर्गाची जाहिरात दिसली आणि तिच्यातल्या ‘जमिनीच्या कागदांतून कुटुंबाचा इतिहास’ या ओळीमुळे मी नाव नोंदवले.

वर्ग घेणाऱ्या ताई साठीच्या आसपासच्या आहेत. एडमंटन शहरात त्यांनी वीसहून अधिक वर्षे ग्रंथालयात काम केले आणि आता त्या मुंबईला परतल्या आहेत. आम्ही चौदा जण होतो. पहिल्या दिवशी नदीची रम्य छायाचित्रे, बर्फ, अस्वले आणि धाडसी माणसांच्या कहाण्या असा कार्यक्रम असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ताईंनी प्रत्येकाच्या हाती एका छापील अर्जाची प्रत दिली आणि पुढचा पाऊण तास कोणतेही स्पष्टीकरण न देता आम्हाला ती वाचायला लावली. अर्ज इंग्रजीत, हस्ताक्षर किरटे, शाई फिकट. जमीन घेतल्यावर तुम्ही तिच्यावर कधी राहायला आलात, दरवर्षी किती महिने राहिलात, कोणत्या वर्षी किती एकर नांगरले, किती पेरले, घोडे किती, गुरे किती, डुकरे किती, घराची लांबी-रुंदी काय आणि किंमत काय, विहीर आहे का, कुंपण किती, असे एकामागून एक प्रश्न त्यात होते. सगळी उत्तरे शपथेवर द्यायची होती आणि ती खरी असल्याचे दोन शेजाऱ्यांनी स्वतंत्रपणे लिहून द्यायचे होते. वाचून झाल्यावर ताईंनी एवढेच विचारले, ‘हे घर तुम्हाला दिसलं का?’ मला ते दिसले होते. सोळा फूट लांब, चौदा फूट रुंद, ओंडक्यांचे, एका खोलीचे घर. त्यात नवरा, बायको आणि तीन मुले. बाहेर दोन बैल आणि पहिल्या वर्षी नांगरून झालेली अवघी चार एकर जमीन.

हे सगळे कागद ज्या कायद्यामुळे तयार झाले, तो कॅनडाच्या संसदेने १८७२ मध्ये केलेला डोमिनियन लँड्स अ‍ॅक्ट. दहा डॉलर भरून १६० एकर जमिनीवर नाव नोंदवायचे, तीन वर्षे दरवर्षी किमान सहा महिने तिथे राहायचे, ठरावीक जमीन लागवडीखाली आणायची, राहण्याजोगे घर बांधायचे, आणि मग मालकीची सनद मिळवायची, अशी ती योजना होती. तिचा गाभा आपल्याकडच्या माणसाला समजायला कठीण नाही. कसेल त्याची जमीन, हे शब्द आपण निराळ्या संदर्भात ऐकलेले आहेत. पण तिथे कसणारा नेमका कोण आणि जमीन आधी कोणाची, हे प्रश्न सरकारने सोयीस्करपणे मिटवून टाकले होते. त्याकडे मी पुढे येईन.

माझ्यासाठी सर्वांत मोलाचा ठरला तो दुसरा शनिवार, कारण तो मोजणीचा होता. कॅनडाच्या मैदानी प्रदेशात सरकारी मोजणीदार वसाहतकारांच्या आधी पोहोचले आणि त्यांनी सगळी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आखून ठेवली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैल म्हणजे ६४० एकरांचा, आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे वसाहतकाराला मिळणारे १६० एकर. ही मोजणी गुंटर साखळीने होई. साखळी ६६ फुटांची, अशा ८० साखळ्यांचा एक मैल आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. हे आकडे फळ्यावर आले तेव्हा मी उभा राहून सांगितले की आपला गुंठा हा याच साखळीच्या निम्म्या लांबीचा चौरस आहे: ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. ज्या मापाने मी केळवे-माहीमच्या वाड्या मोजल्या, त्याच मापाच्या दुप्पट साखळीने पीस नदीच्या काठची रानेही मोजली गेली होती. ताईंना ही गोष्ट माहीत नव्हती आणि त्यांनी ती तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतली. शिकवणाऱ्याची अशी वृत्ती मला फार भावली. एका वसाहतकाराचे १६० एकर म्हणजे ६,४०० गुंठे, आमच्या वाडीच्या दोनशे पटींहून अधिक, हा हिशेब मी त्या रात्री विरार लोकलमध्ये बसून केला आणि नंतर लक्षात आले की ही तुलना अर्धवट आहे. आमच्या तीस गुंठ्यांत बारमाही पाणी होते आणि माल विकायला मुंबई होती. त्या ६,४०० गुंठ्यांत पहिली दोन-तीन वर्षे तरी बहुतांशी झाडांची खोडे, मुळे आणि हिमाच्छादित महिने होते, आणि सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक कित्येक दिवसांच्या वाटेवर होते.

सगळीच जमीन अशी चौकोनी आखलेली नव्हती, हेही त्याच दिवशी कळले. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी नदीकाठी जी जुनी वस्ती होती, तिथे नदीला टेकलेल्या अरुंद, लांब पट्ट्या ठेवल्या गेल्या. प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा काठ मिळावा, काठावरची सुपीक जमीन मिळावी आणि मागच्या बाजूचे जळाऊ लाकूड मिळावे, अशी त्यामागची रीत. आजच्या पीस रिव्हर गावाच्या वरच्या अंगाला असलेली शॅफ्ट्सबरी ही वस्ती अशीच आहे. नकाशावर त्या पट्ट्या पाहताना मला वसई-केळव्याच्या बागायतीची आठवण झाली, कारण तिथेही वाटणी करताना विहिरीची वाट आणि पाटाचे पाणी प्रत्येकाच्या वाट्याला येईल असे पाहावे लागते. चौकोन कार्यालयात बसून आखता येतो. पट्टी आखायची तर त्या ठिकाणी राहून पाहिलेले असावे लागते.

नदीचा भूगोल आणि व्यापारी कोठ्यांचा इतिहास ताईंनी एकाच शनिवारी आटोपला आणि ते योग्यच होते, कारण ही माहिती कुठेही मिळते. पीस नदी १,९२३ किलोमीटर लांब आहे. ती ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उगम पावून रॉकी पर्वत भेदते आणि अल्बर्टा प्रांतातून ईशान्येला वाहत जाते. तिचे नाव क्री आणि डनेझा या दोन मूळनिवासी जमातींनी अठराव्या शतकात नदीकाठी केलेल्या तहावरून पडले. अलेक्झांडर मॅकेन्झी यांनी १७९२-९३ चा हिवाळा याच नदीवर काढला आणि पुढच्या जुलैत ते पॅसिफिक किनाऱ्याला पोहोचले. नदीकाठच्या व्यापारी कोठ्यांपैकी फोर्ट व्हर्मिलियन १७८८ चे, डनव्हेगन १८०५ चे. डनव्हेगनला हडसन्स बे या व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्याचे १८७८ चे घर आणि कॅथलिक मिशनचे १८८५ चे लाकडी देऊळ आजही उभे आहे. त्यांची छायाचित्रे पाहताना ताईंनी कोपऱ्यांकडे लक्ष वेधले. ओंडके तासून चौरस केलेले आणि कोपऱ्यात एकमेकांत खाचा पाडून असे बसवलेले की खिळ्याची गरज पडू नये; फटींत चिखल भरलेला. सुताराचा हात पाहून कुटुंबाची सुबत्ता ओळखता येते, हे आपल्याकडच्या माजघराच्या खांबांइतकेच तिथेही खरे आहे. पहिल्या वर्षीच्या खोपटात गोल ओंडके आणि मातीचे छप्पर, आणि दहा वर्षांनी त्याच अंगणात तासलेल्या लाकडाचे दुमजली घर. जुने खोपटे मग कोंबड्यांसाठी किंवा धान्यासाठी राही. जुन्या शेतघराच्या आवारात इमारती कोणत्या क्रमाने उभ्या राहिल्या हे वाचायला शिकवणे, हे या वर्गाचे एक खरे यश आहे.

कुटुंबांच्या कथांत ताईंनी निवड चांगली केली. अँग्लिकन मिशनरी जॉन गॉफ ब्रिक यांनी शॅफ्ट्सबरीला शेती सुरू केली आणि त्यांच्या गव्हाला १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात बक्षीस मिळाले. इतक्या उत्तरेला गहू पिकतो ही गोष्ट त्यामुळे जगाला कळली. त्यांचा मुलगा पुढे अल्बर्टाच्या पहिल्या विधानसभेत पीस रिव्हरचा प्रतिनिधी झाला. फोर्ट व्हर्मिलियनच्या शेरिडन लॉरेन्स यांचे शेत इतके मोठे होते की लोक त्यांना ‘पीसचा सम्राट’ म्हणत. ‘ट्वेल्व्ह-फूट’ डेव्हिस या नावाने ओळखला जाणारा व्यापारी शेतकरी नव्हता. सोन्याच्या खाणीत दोन मोठ्या दाव्यांच्या मधली सुटलेली बारा फुटांची पट्टी त्याने हेरली, तिच्यातून पैसा केला आणि उरलेले आयुष्य या नदीवर व्यापार करण्यात घालवले. त्याची कबर नदीवरच्या टेकडीवर आहे. दाराला कधी कुलूप न लावणारा माणूस अशी त्याची आठवण तिथे कोरलेली आहे. मोजणी करणाऱ्याला या कथेतली बारा फुटांची चूक विशेष जवळची वाटते, कारण अशा सुटलेल्या पट्ट्यांवरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात.

गव्हाविषयीचा भाग मला अनपेक्षित होता. उत्तरेकडच्या या भागात जूनअखेरीचा दिवस साडेसतरा तासांच्या आसपास असतो. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. उन्हाचे तास भरपूर, पण हिमाविना मिळणारे दिवस मोजके, म्हणून लवकर पिकणारे वाण हाच तिथल्या शेतकऱ्याचा जीव. चार्ल्स सॉन्डर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निवडून वाढवलेला मार्क्विस गहू जुन्या रेड फाइफ वाणाच्या सुमारे आठवडाभर आधी तयार होत असे, आणि तेवढ्या दिवसांवर अनेक कुटुंबांचे पीक वाचले. त्या मार्क्विसची एक बाजू रेड फाइफ आणि दुसरी बाजू हार्ड रेड कलकत्ता नावाचा हिंदुस्थानी गहू. लवकर पिकण्याचा गुण त्याला आपल्या इकडच्या बाजूने मिळाला. हे ऐकून वर्गातल्या एका आजींनी विचारले, ‘म्हणजे त्यांच्या भाकरीत आपलं बी आहे तर?’ ताई म्हणाल्या, ‘हो, आजी, आहे.’ त्यानंतर त्यांनी रेल्वे १९१६ मध्ये अल्बर्टातल्या ग्रँड प्रेरी गावापर्यंत पोहोचल्याचे सांगितले. तोपर्यंत पिकलेले धान्य बाजारात नेणे हे पिकवण्याहून अवघड होते, कारण दक्षिणेकडच्या एडसन या रेल्वेच्या गावापासून उत्तरेला जाणारी सुमारे ४०० किलोमीटरची वाट दलदल आणि चढणींनी भरलेली होती. त्याच वर्षी नदीवर डी. ए. थॉमस ही मोठी वाफेची बोट सुरू झाली आणि काठावरच्या शेतांचा माल तिच्यातून जाऊ लागला.

पाचव्या शनिवारी स्त्रियांच्या जमिनींविषयी जे वाचले, ते मी विसरणार नाही. कॅनडाच्या या कायद्यात विवाहित स्त्रीला जमीन मिळत नसे. अविवाहित स्त्रीलाही मिळत नसे. एकट्याने कुटुंब चालवणाऱ्या, बहुधा लहान मुले असलेल्या विधवेलाच अर्ज करता येई. शेजारच्या अमेरिकेत मात्र अविवाहित स्त्रीला हा हक्क १८६२ पासून होता. आम्हाला दिलेल्या एका फाईलमध्ये पहिली तीन पाने नवऱ्याच्या नावाची होती आणि चौथ्या पानापासून सही बदलली होती. नवरा वारला, बाईने मुलांसह हिवाळा काढला, उरलेली जमीन नांगरून घेतली आणि सनद मिळवली. तिच्या उत्तरांत तक्रारीचा एक शब्दही नाही. ‘या काळात तुम्ही जमिनीवरून गैरहजर होता का’ या प्रश्नापुढे तिने लिहिले होते की नवऱ्याला इस्पितळात नेले तेवढे एकोणीस दिवस. ती ओळ वाचून झाल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मी कित्येक वारस नोंदींची प्रकरणे हाताळली आहेत. नवऱ्याच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी आलेल्या बायकांचे चेहरे मला आठवले, आणि त्यांना मी किती वेळा ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले तेही आठवले.

आता त्या गंभीर उणिवेविषयी. ही जमीन रिकामी नव्हती. क्री, डनेझा आणि मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे) लोक तिथे राहत होते, शिकार करीत होते आणि काही ठिकाणी बागा व घोडेही राखत होते. सरकारने त्यांच्याशी केलेला आठवा करार २१ जून १८९९ रोजी लेसर स्लेव्ह सरोवराकाठी झाला आणि १ जुलैला पीस रिव्हर लँडिंग या नदीकाठच्या ठिकाणी त्यावर सह्या झाल्या. सुमारे ८,४०,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश या कराराखाली येतो. त्याच्या बदल्यात पहिल्या वर्षी माणशी बारा डॉलर, पुढे दरवर्षी पाच डॉलर, आणि पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल राखीव जमीन, असे शब्द त्यात आहेत. मेटी कुटुंबांना वेगळ्या आयोगाकडून २४० डॉलरचे किंवा २४० एकरांचे प्रमाणपत्र मिळाले, आणि त्यातली बरीच प्रमाणपत्रे दलालांनी थोडक्या पैशांत विकत घेतली. हा विषय ताईंनी सहाव्या शनिवारच्या उत्तरार्धात, चहा झाल्यानंतरच्या पन्नास मिनिटांत घेतला. तोपर्यंत आम्ही पाच आठवडे वसाहतकारांच्या कष्टांविषयी वाचत होतो आणि आमचे मन त्यांच्या बाजूला झुकलेले होते.

हा क्रम चुकीचा आहे असे मला वाटते, आणि मी ते वर्गातच बोललो. कोणत्याही जमिनीचा इतिहास वाचताना आपण आधी मूळ नोंद काढतो, फेरफार नंतर पाहतो. दहा डॉलरचा अर्ज हा फेरफार आहे. करार ही त्याच्या आधीची नोंद आहे. हिशेब मांडला तर एकट्या वसाहतकाराला १६० एकर मिळू शकत होते, आणि करारातल्या राखीव जमिनीचा वाटा माणशी १२८ एकर पडत होता. पुढे तोही सर्वत्र टिकला नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या फोर्ट सेंट जॉनजवळची डनेझांची राखीव जमीन १९४५ मध्ये त्यांच्याकडून सोडवून घेण्यात आली आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शेतीसाठी दिली गेली. तिथे नंतर तेल सापडले, आणि सरकारने आपले कर्तव्य पाळले नाही असा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. म्हणजे १९४५ नंतर तिथे आलेल्या ‘जुन्या’ शेतकरी कुटुंबांच्या शेतघरांखाली हा इतिहास आहे. ताईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले. त्या म्हणाल्या, ‘लोक पहिल्याच दिवशी उठून जातील, अशी मला भीती वाटली होती.’ तुमच्यापुढे बसलेल्या चौदा जणांपैकी निम्म्यांच्या घरात कूळकायद्याचा, इनामाचा किंवा धरणाचा एक तरी कागद असेल, त्यामुळे कोणी उठून जाणार नाही, असे मी त्यांना सांगितले. पुढच्या तुकडीत करार पहिल्या शनिवारी घेण्याचे त्यांनी कबूल केले आहे. तसे झाले तर या परीक्षणातला हा परिच्छेद कालबाह्य होईल आणि मला त्याचा आनंदच वाटेल.

सातव्या शनिवारचा विषय धरणांचा होता. पीस नदीवर डब्ल्यू. ए. सी. बेनेट धरण १९६८ मध्ये पुरे झाले, त्याच्या खालचे पीस कॅन्यन धरण १९८० मध्ये, आणि त्याच्याही खाली साइट सी या १,१०० मेगावॉटच्या प्रकल्पाला डिसेंबर २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. त्याचा जलाशय २०२४ च्या ऑगस्टअखेरीपासून भरू लागला आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी भरला. नदीखोऱ्याचा ८३ किलोमीटरचा भाग पाण्याखाली गेला. ज्या काठावरच्या गाळाच्या जमिनीसाठी पहिली कुटुंबे तिथे आली, तीच जमीन त्यात आहे. डनेझांची शिकारीची, पुरण्याची आणि प्रार्थनेची ठिकाणेही त्यातच आहेत. बेनेट धरणाच्या वेळी वरच्या अंगाच्या त्सेकेने लोकांची गावे अशीच बुडाली होती. ताईंनी भरण्याआधीचा आणि भरल्यानंतरचा असे दोन नकाशे शेजारी लावले आणि ज्या शेतांचे अर्ज आम्ही वाचले होते त्यांच्या जातीची नदीकाठची शेते पाण्याच्या निळ्या रंगाखाली कुठे गेली ते दाखवले.

त्या दिवशी वर्गात बोलण्याची खरी सुरुवात एका निवृत्त शिक्षकांनी केली. त्यांचे आजोळ मुळशी खोऱ्यातले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून तिथे धरण बांधले गेले, १९२१ मध्ये त्याविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याच्या अग्रभागी होते, आणि तरी गावे बुडालीच. गुरुजी म्हणाले, ‘आम्ही आज या खोलीत ज्या दिव्याखाली बसलो आहोत, त्याचा हिशेब कुठेतरी लावायला हवा.’ मुंबईला १८९२ पासून तानसाचे पाणी येते, त्यानंतर वैतरणेचे आणि भातसाचे. नळ उघडताना त्या खोऱ्यांतल्या शेतांची आठवण आपल्यापैकी कोणाला येत नाही. पीस नदीच्या काठच्या शेतकऱ्याची आणि मुळशीच्या मावळ्याची तुलना अनेक बाबतींत टिकणार नाही, कारण एकाच्या जमिनीचे वय शंभर वर्षे आणि दुसऱ्याच्या जमिनीचे वय पिढ्यांच्या मोजणीपलीकडचे. पण भिंतीवरच्या खुणेने पाण्याची पातळी दाखवणारा सरकारी माणूस अंगणात आल्यावर घरातली बाई काय करते, याचे वर्णन दोन्हीकडे सारखेच आहे. त्या संध्याकाळी वर्ग पाऊण तास उशिरा संपला.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगतो. इमारतीला उद्वाहन नाही आणि जिना उंच पायऱ्यांचा आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी चौकशी करावी. वेळ शनिवारी साडेचार ते साडेसात अशी आहे, ती मुंबईच्या नोकरदारांनाही जमण्यासारखी आहे. वाटलेल्या प्रती फार फिकट निघतात आणि हस्ताक्षराची पाने तर काही वेळा वाचताच येत नाहीत. या शुल्कात चांगल्या छपाईची अपेक्षा करणे गैर नाही. या फाईलींच्या मायक्रोफिल्मच्या प्रती अल्बर्टाच्या अभिलेखागाराकडून इंटरनेटवर मोफत पाहण्यासाठी ठेवलेल्या आहेत, त्यामुळे मी तिसऱ्या आठवड्यापासून घरच्या संगणकावर मोठ्या करून त्या वाचू लागलो. इतरांनाही पहिल्याच दिवशी हे सांगितले जावे. चुकलेल्या वर्गाचे ध्वनिमुद्रण देऊ असे सांगितले होते. पावसामुळे गाड्या बंद पडल्या त्या शनिवारचे ध्वनिमुद्रण मला मागूनही मिळाले नाही. शिकवण्याची भाषा शुद्ध आणि सोपी मराठी आहे. इंग्रजी कागद वाचता येण्याइतके इंग्रजी मात्र लागते, किंवा शेजारी बसलेल्याची मदत लागते, आणि ती सर्वांनी आनंदाने केली.

आठव्या शनिवारी प्रत्येकाने स्वतःच्या कुटुंबाचा जमिनीचा एक कागद आणायचा असतो आणि जे प्रश्न आपण पीस नदीच्या अर्जांना विचारले तेच त्याला विचारायचे असतात. मी केळव्याच्या वाडीचा १९३० च्या दशकातला मोडीत लिहिलेला एक फेरफार नेला होता. आयुष्यभर हे काम करूनही त्यातली एक गोष्ट मी कधी पाहिली नव्हती: पणजोबांच्या नावाखाली विहिरीच्या हिश्श्याची स्वतंत्र नोंद आहे, आणि तो हिस्सा त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावे आहे. या पणजी-आत्याचा उल्लेख आमच्या घरातल्या एकाही गोष्टीत नाही. माझी थोरली आत्या एक्क्याण्णव वर्षांची आहे आणि केळव्यालाच राहते. तिला विचारायला मी पुढच्याच रविवारी पहाटेच्या गाडीने गेलो. तिला नाव आठवले, सासर आठवले, आणि विहिरीवरच्या रहाटाचा बैल त्या घरून येत असे एवढे आठवले.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे आणि वीस जणांपुरती मर्यादित आहे. नाव नोंदवणाऱ्यांनी आपल्या घरातला जुना कागद आधीपासून शोधायला घ्यावा. मोडी असेल तर लिप्यंतराला वेळ लागतो, आणि आठवा शनिवार लवकर येतो.